पैशाचं टेन्शन आलंय? आधी ते कुठल्या वयाचं आहे ते बघा

पैशाचं टेन्शन आलं म्हटलं की जो तो सांगतो खर्च कमी करा, पण पंचविशीतलं दुखणं वेगळं आणि पासष्टीतलं वेगळं, सगळ्यांना एकच गोळी कशी चालेल?

म्हणून आधी एक करा. रात्री झोप उडते तेव्हा डोक्यात जे फिरतं ते एका वाक्यात कागदावर लिहा. मग बघा वाक्यात काय आलंय, 'हा महिना कसा निघणार', 'माझं काही झालं तर यांचं काय' की 'आहे ते पुरेल का'. साधारण तरुणपणी पहिलं, मधल्या वयात दुसरं, उतारवयात तिसरं. मिक्सपण असतं, पण एक जास्त टोचतं, उपाय त्याच्यावर करायचा.

पहिलं असेल तर मुळात लाज सोडा. फ्रँको मोदिल्यानी नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९५० च्या दशकात मांडलं होतं की माणूस तरुणपणी कर्ज काढतो, मधल्या वयात साठवतो आणि म्हातारपणी ते खातो, म्हणजे पंचविशीत हात रिकामा असणं हे काही तुमचं अपयश नाहीये. फक्त कर्ज कुठलं ते बघा. क्रेडिट कार्डाचं महिना ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं पण व्याजावर व्याज धरलं तर वर्षाला साडेबेचाळीसच्या वर जातं, त्यामुळे सगळ्यात महाग कर्ज आधी फेडा, बाकीच्यांचे नुसते हप्ते चालू ठेवा. सोबत एका महिन्याच्या खर्चाइतके पैसे वेगळ्या खात्यात जमवा, गाडी बंद पडली की लगेच कार्ड बाहेर काढायला लागू नये एवढ्यासाठी.

चाळीस-पन्नासवाल्यांचं जरा विचित्र असतं, कमाई आयुष्यातली सगळ्यात जास्त आणि झोप सगळ्यात कमी. खाली मुलं, वर आईवडील आणि मध्ये आपण, याला सँडविच जनरेशन म्हणतात, हा शब्द १९८१ पासून चालत आलाय. इथे चहा-कॉफीचे पैसे वाचवून काही होत नाही कारण पगार हातात यायच्या आधीच बांधलेला असतो. कागदावर दोन रकाने करा, एकात हलवता न येणारे खर्च (हप्ते, भाडं, फी, औषधं), दुसऱ्यात बाकीचे. पहिला रकाना निम्म्याच्या वर गेला असेल तर काटकसरीच्या मागे लागू नका, थेट मोठा हप्ता कमी करता येतो का, घर लहान चालेल का, हे बघा. ज्यांच्या जिवावर घर चालतं त्यांचा टर्म इन्शुरन्स (ठरलेल्या मुदतीत माणूस गेला तर घरच्यांना पैसे देणारा विमा) हवाच. आणि मुलांच्या शिक्षणासाठी स्वतःच्या म्हातारपणाचे पैसे मोडू नका, शिक्षणाला कर्ज मिळतं, म्हातारपण काढायला कोण देणार? सगळ्यात अवघड काम म्हणजे आईवडिलांना विचारणं, कागद कुठे आहेत, कुणाचं देणं आहे का. मी हे तीन वर्षं टाळलं, विचारलं तर अर्ध्या तासात संपलं आणि तेच म्हणाले की बरं झालं विचारलंस.

साठीनंतर बरेच लोक तरुणांपेक्षा कमी टेन्शन सांगतात, कर्ज फिटलेलं असतं, गरजा आटलेल्या असतात. पण भीती खोल असते, कारण चूक झाली तर परत कमवायला वेळ नाही. महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो (७२ ला टक्क्याने भागा, तेवढी वर्षं), तेव्हा सगळे पैसे बँकेत झोपवून ठेवणं वाटतं तितकं सेफ नाही. त्याचवेळी दोनेक वर्षांचा खर्च शेअर बाजाराच्या बाहेर ठेवा, म्हणजे बाजार पडलेला असताना विकायची वेळ येत नाही. खाती कमी करा, वारसाचं नाव घाला. २००९ च्या एका अमेरिकन अभ्यासात कर्ज आणि कार्डाच्या बाबतीतल्या चुका साधारण ५३ व्या वर्षी सगळ्यात कमी दिसल्या होत्या, नंतर वाढत जातात, म्हणून ही आवराआवर पन्नाशीतच उरकली तर उत्तम. मोठी रक्कम हलवायच्या आधी एका विश्वासातल्या माणसाला फोन करायचा, हा नियमही तेव्हाच लावून घ्या.

कागद फेकू नका. सहा महिन्यांनी परत लिहा, वाक्य बदललं असेल तर उपायही बदला आणि तेच असेल तर घरातल्या कुणाला तरी वाचायला द्या.