डिजिटल माध्यमात काम हवंय? अर्ज पाठवण्याआधी या चुका टाळा

मी मराठी डिजिटल डेस्कवर काम करतो. दर जून-जुलैत निकाल लागले की नव्या मुलामुलींचे अर्ज येऊ लागतात. बहुतेक अर्जांत पहिलं वाक्य एकच असतं, 'मला सोशल मीडियाची खूप आवड आहे.' आवड खरी असते, राबायची तयारीही असते. तरी बरीच मुलं पहिल्याच चाचणीत मागे पडतात आणि कारणं दर वर्षी तीच. महागडा कोर्स न करता घरबसल्या दुरुस्त होतील अशी ती कारणं आहेत, म्हणून जास्त हळहळ वाटते.

कॅमेऱ्यासमोरचीच खुर्ची दिसणं

'काय व्हायचंय?' विचारलं की दहातले आठ जण अँकर किंवा इन्फ्लुएन्सर म्हणतात. एका दहा मिनिटांच्या व्हिडिओमागे माहिती काढणारा, संहिता लिहिणारा, एडिट करणारा, सबटायटल लावणारा, थंबनेल करणारा आणि लोक नेमके कुठल्या मिनिटाला उठून गेले हे आकड्यांत वाचणारा, इतकी माणसं लागतात. त्याशिवाय बँकांच्या आणि खरेदीच्या ॲपमधला मराठी मजकूर, ऑडिओबुकचं संपादन, पॉडकास्टची निर्मिती, व्हायरल दाव्यांची पडताळणी ही सगळी पगाराची कामं आहेत. यातल्या कुठल्या कामात आपला हात बसलाय, ते आधी ठरवा.

चॅनेल जरूर काढा, पण हिशेब माहीत असू द्या. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज) लागतं. तेही झालं की वाटा मिळायला फक्त सुरुवात होते. घरभाडं त्यातून निघेलच असं धरून चालू नका. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा गावागावांतल्या मुलांचे लाखो फॉलोअर एका दिवसात गेले. ते कुणालाच दुसरीकडे नेता आले नाहीत. एडिटिंग आणि लिहिणं ज्यांना येत होतं, त्यांना निदान तेवढं तरी नेता आलं.

टायपिंगला दुय्यम समजणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. मराठी डिजिटल माध्यमाचा पाया युनिकोड (कुठल्याही मोबाइल-संगणकावर मराठी तशीच दिसेल अशी पद्धत) टायपिंग आहे आणि पदवीधर मुलंही मजकूर रोमन लिपीत लिहून पाठवतात, नाहीतर मोबाइलवर बोलून टाइप करतात आणि परत वाचत नाहीत.

एक नेहमीची चूक बघा. 'सह्याद्रीच्या दऱ्या' असं लिहायचं असतं आणि अर्जात येतं 'सह्याद्रीच्या दर्या'. दर्या म्हणजे समुद्र! तसंच आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, आणि आचार्यांना म्हणजे गुरूंना. लग्नाच्या बातमीत हा घोळ झाला तर वाचक सोडत नाहीत, आणि त्यांनी सोडूही नये. उपाय सोपा आहे. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये शिफ्ट दाबून 'र'ची कळ दाबली की 'ऱ' उमटतो, मग हलन्त, मग 'य'. फोनेटिक (रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवणारा) कीबोर्ड वापरत असाल तर खाली येणाऱ्या पर्यायांतून योग्य शब्द निवडा, पहिलाच आला म्हणून घेऊ नका.

दुसरी अडचण जुन्या फॉन्टची. छापखान्यातून किंवा एखाद्या कार्यालयातून फाइल येते, वेबसाइटवर चिकटवली की सगळी चिन्हंच दिसतात. फॉन्ट बदलून बघा. मराठी जाऊन इंग्रजी अक्षरं किंवा चिन्हं दिसू लागली तर ती फाइल युनिकोडमध्ये नाही, कन्व्हर्टरमधून काढावी लागेल. काढल्यावर पहिली वेलांटी आणि रफार हमखास चुकीच्या जागी जातात, तेव्हा तो मजकूर ओळीवर बोट ठेवून वाचायचा. सबटायटलच्या फाइलीत मराठीऐवजी नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तर ती यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर साठवण्याची पद्धत) सेव्ह झालेली नाही. मूळ मजकूर परत घेऊन सेव्ह करताना तो पर्याय निवडला की काम होतं. इतक्या साध्या गोष्टीपायी पोरं रात्र रात्र जागलेली मी पाहिली आहेत.

'क्रेडिट दिलं की झालं' असं मानणं

नाही होत. गुगलवर सापडलेला फोटो किंवा सिनेमातलं गाणं नाव देऊन वापरलं तरी परवानगी लागतेच. कॉपीराइट कायदा १९५७ पासून आहे आणि तो रीललाही लागू होतो. पैसे किंवा वस्तू घेऊन एखाद्या उत्पादनाबद्दल बोलत असाल तर ती जाहिरात आहे हे ठळक सांगा. जाहिरात मानक परिषदेची त्यासाठीची नियमावली २०२१ पासून आहे.

अर्जात काम न दाखवणं

प्रमाणपत्रांची जाडजूड पीडीएफ नको. तीन कामांच्या लिंक द्या आणि प्रत्येकीखाली एका ओळीत लिहा की यात तुमचं नेमकं काय होतं. गटाने केलेला व्हिडिओ सगळेच आपला म्हणून पाठवतात. 'यातली सबटायटलं माझी' एवढं लिहिलेला अर्ज मी बाजूला काढून ठेवतो. शिकायचंच असेल तर आधी पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, अमरावतीचं भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र अशा ठिकाणांची चौकशी करा. तीन महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्या क्लासला आईवडिलांचे पैसे त्यानंतरही देऊ नका.

घाईत 'धोका' लिहिणं

आमच्या चाचणीत पुराची पाच ओळींची बातमी असते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फूट ४ इंच, सोबत पाण्याखाली गेलेल्या महामार्गाचा एक फोटो. शीर्षक द्या, फोटो वापरायचा का ते सांगा. निम्म्याहून जास्त मुलं लिहितात, 'पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली'. बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आहे, धोका पातळी ४३ फूट. फोटो असतो २०१९ च्या महापुरातला. गुगल लेन्सवर (फोटोवरून शोध घेणारी सोय) टाकला तर मिनिटभरात कळतं.

ही बातमी चाचणीत मी घालून घेतली, कारण एका पावसाळ्यात माझ्याच हातून तसा जुना फोटो गेला होता. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका वाचकाचा फोन आला. आई कोल्हापूरजवळच्या चिखलीत एकटी. आमची बातमी पाहून तो रात्रीच मोटारसायकल काढून भर पावसात निघाला होता. गावात पाणी आलंच नव्हतं. तो चिडून बोलला नाही. 'साहेब, तारीख तरी टाकत जा,' एवढंच म्हणाला.

गेल्या वर्षी एका मुलीने चाचणीत शीर्षक दिलं, 'पंचगंगा इशारा पातळीवर, धोका पातळीला ३ फूट ८ इंच बाकी'. खाली पेनाने लिहिलं होतं, 'फोटो २०१९ चा आहे, वापरू नये. आजचा फोटो मिळेपर्यंत बातमी फोटोशिवाय जाऊ द्यावी.' शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. तिला आम्ही घेतलं. आता पावसाळ्यात सकाळच्या पाळीला ती खुर्चीवर बसायच्या आधी पातळी विचारायला फोन लावते.