घर सुगंधी करायचंय की मसालेभात शिजवायचाय? सिमर पॉट करताना या चुका टाळा

दिवाळीचा फराळ डब्यांत भरून झाला की हल्ली पुण्यातल्या बऱ्याच घरांत आणखी एक उद्योग सुरू होतो. पातेलंभर पाणी, त्यात संत्र्याची सालं, दालचिनी, लवंगा. मंद गॅसवर ठेवायचं आणि घरभर वास पसरू द्यायचा. नाताळात कॅम्पापासून कोथरूडपर्यंत पुन्हा तेच. कोणी याला सिमर पॉट म्हणतं, कोणी पॉटपुरी. प्रकार चांगला आहे. डब्यातल्या फवाऱ्यापेक्षा मला तो कधीही चालेल. पण बिघडवणारे इतक्या ठरलेल्या रीतीने बिघडवतात की दारात चपला काढतानाच कळतं, आत कोणी काय केलंय.

मसाल्याचा डबा पालथा घालणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते, आणि गंमत म्हणजे ती करणाऱ्याला आपण फार उदारपणे केलंय असं वाटत असतं. दालचिनी, लवंग, वेलची, मसाला वेलची, तमालपत्र, चक्रीफूल, मिरी, जायफळ, वर आल्याचा तुकडा. घरात आहे ना, मग टाका.

मागच्या नाताळात वानवडीला एका मैत्रिणीकडे संध्याकाळी जमलो होतो. तिने दुपारपासून पातेलं ठेवलं होतं. आलेला प्रत्येक माणूस दारातून आत येता येता विचारत होता, "बिर्याणी का गं?" बेत होता सँडविच आणि प्लम केकचा. एकांनी तर "थोडं थांबतो, पोटात जागा ठेवतो" म्हणून सँडविचला हातच लावला नाही. बिचारीला शेवटी बाहेरून पुलाव मागवावा लागला.

आपल्या नाकाला खडा मसाला म्हणजे जेवण. युरोपात दालचिनी, लवंग, जायफळ हे वास केक-बिस्किटांशी आणि गरम वाइनशी जोडलेले आहेत, म्हणून तिथल्या माणसाला त्यात नाताळ आठवतो. आपल्याला पंगत आठवते. तेव्हा तिकडची यादी जशीच्या तशी उचलून चालत नाही. तमालपत्र, मसाला वेलची, मिरी आणि दगडफूल यांना पातेल्याच्या आसपास फिरकू देऊ नका. हिरवी वेलची आणि आलं एकत्र घातलंत तर घराला चहाचा वास येईल, आणि पुण्यात चहाचा वास आला की चहा द्यावा लागतो. गवती चहाचंही तेच, पण पावसाळ्यात मी तो मुद्दाम घालते.

माझा स्वतःचा नियम तीन वस्तूंचा. एक आंबट साल, एक मसाला, एक मूळ किंवा पान. दिवाळीला संत्र्याची साल, लवंग आणि वाळा. नाताळला साल, दालचिनी आणि चक्रीफूल. इथे मूळ-पानाची अट मीच मोडते. लिटरभर पाण्याला दोन संत्र्यांची सालं, सहा-सात लवंगा किंवा बोटभर दालचिनी एवढं पुरतं. चौथी वस्तू घालायची हुक्की आली तर आधीच्या तिघांतली एक काढा. वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानांत सुटी मिळते. उटण्यासाठी तुम्ही तिथे जाणारच असता, दोन रुपयांची गोष्ट जास्त घ्या.

मात्र उरलेलं उटणं पातेल्यात टाकू नका. हसू नका, लोक टाकतात. त्यात मुलतानी माती असते. तळाशी चिखल होतो आणि घराला न्हाणीघराचा वास येतो.

सगळं एकाच वेळी टाकणं

तीन वस्तू निवडल्या म्हणजे संपलं नाही, त्यांचा क्रम असतो. संत्र्याच्या सालीतलं मुख्य द्रव्य लिमोनीन. ते फार उडतं. अर्ध्या तासात सालीचा ताजा वास निघून जातो आणि मागे शिजलेल्या सालीचा कडवट, मेंगळट वास राहतो. लवंगेतलं युजेनॉल जड, ते दमाने येतं. वाळा तर सगळ्यांत आळशी.

लिमोनीन 176 अंश सेल्सिअसला उकळतं आणि युजेनॉल अडीचशेच्या वर. तरीही दोन्ही साध्या पाण्याच्या वाफेबरोबर बाहेर पडतात, कारण पाण्यात न मिसळणारं तेल पाण्यासोबत तापवलं की दोघांचा मिळून वाफेचा दाब तयार होतो आणि तेल शंभरच्या आतच उडायला लागतं. अत्तरवाले फुलांचा अर्क याच तत्त्वावर काढतात.

म्हणून वाळा मी आदल्या रात्री त्याच पातेल्यात भिजत घालते. पाहुणे सहाला यायचे असतील तर पाचच्या सुमारास गॅस लावून लवंगा टाकते, आणि साल अगदी शेवटी, सहाला दहा कमी असताना. तासाभराने जुनी साल काढून नवी. घाईच्या माणसांना हे जमत नाही. त्यांना एकदाच सगळं टाकून मोकळं व्हायचं असतं, आणि पाहुणे येईपर्यंत संत्रं स्वर्गवासी झालेलं असतं.

सालच घ्या, फळ नको. रीलमध्ये संत्र्याच्या गोल चकत्या पाण्यावर तरंगताना सुंदर दिसतात, कबूल. पण वास सालीत असतो, गरात साखर असते, आणि ती साखर काय करते ते पुढे सांगते. दिवाळीच्या सुमारास बाजारात येणारं संत्रं बऱ्याचदा हिरवट सालीचं असतं; ते बघून नाक मुरडू नका, त्याची साल चांगली झणझणीत असते. चकचकीत आयात संत्र्यांवर मेणाचा थर असतो, तो कोमट पाण्याने घासून काढा.

मोठा गॅस आणि रिकामं पातेलं

आता साखरेची गोष्ट. माझी भाची बाणेरला राहते. पाडव्याच्या सकाळी तिने नॉनस्टिक पॅनमध्ये संत्र्याच्या आणि सफरचंदाच्या चकत्या, दालचिनी वगैरे घालून मोठ्या बर्नरवर ठेवलं. वास लवकर पसरावा म्हणून ज्योत पूर्ण. मग सोसायटीच्या रांगोळीला खाली गेली. सासूबाई घरात आहेत, त्या बघतील, असं तिने धरून चाललं. सासूबाई अभ्यंगस्नानात. जावई झोपलेले. म्हणजे घरात माणसं दोन, आणि गॅसकडे बघणारं कोणीच नाही.

खाली ठिपक्यांना रंग भरेपर्यंत वर पाणी आटलं, चकत्या तळाला चिकटल्या, साखर जळून डांबर झाली आणि वॉचमनने वर बोट दाखवून विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे धूर कसला?" आग लागली नाही, एवढंच नशीब. पण पॅन गेला, पडदे दोनदा धुवावे लागले आणि सोफ्यातला जळका वास तुळशीच्या लग्नापर्यंत तसाच होता. शेजारच्या बाल्कनीत लव्हबर्ड्सचा पिंजरा होता. वारा उलट्या दिशेने होता म्हणून त्यांना काही झालं नाही. नॉनस्टिकचा लेप कोरडा, फार तापला की जो धूर निघतो तो पक्ष्यांना मारू शकतो. हे तिला तोवर माहीतही नव्हतं.

आता मुळात मोठ्या ज्योतीचा फायदा काय? काही नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच, इथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं आणि त्यापुढे ज्योत कितीही वाढवा, ते जास्त तापत नाही, नुसतं लवकर संपतं. पाण्यावर वाफ दिसावी, कडेला एखाददुसरा बुडबुडा यावा, बास. खळखळ आवाज ऐकू आला म्हणजे तुम्ही सुगंध करत नाही, काढा करताय.

माझ्या सवयी अशा. जाड बुडाचं, उंच, स्टीलचं पातेलं, पाऊण भरलेलं. सगळ्यांत लहान बर्नर. मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर, वाजला की पाणी बघायचं. कमी झालं असेल तर उकळतं पाणी घालायचं. गार ओतलंत तर वाफ थांबते आणि पुन्हा वाट बघत बसावं लागतं. आणि उंबरा ओलांडला की गॅस बंद. रांगोळी उंबऱ्याच्या बाहेरच असते, हे ध्यानात ठेवा. बंद केल्यावरही पातेलं बराच वेळ वास देत राहतं, मग कशासाठी चालू ठेवायचं?

आणखी एक. मंद ज्योत आणि शेजारी उघडी खिडकी हे एकत्र नको. वाऱ्याच्या झोताने ज्योत विझते, गॅस मात्र सुरूच राहतो, आणि पातेल्यातल्या लवंगेमुळे गॅसचा वास तुम्हाला उशिरा कळतो. खिडकी उघडायचीच तर समोरच्या खोलीतली उघडा. इंडक्शनवाल्यांना ही भीती नाही. सगळ्यांत खालच्या आकड्यावर ते थांबून थांबून तापतं, आपल्याला तेच हवं असतं.

पातेलं कोणतं घेता

आजीचं पितळी पातेलं फोटोत छान दिसतं. आत कल्हई नसेल तर आंबट साल पितळेला खाते आणि वासात धातूचा कस उतरतो. कल्हई असेल तर दुसरी भीती: कल्हई म्हणजे कथील, ते 232 अंशांना वितळतं. पातेलं एकदा कोरडं पडलं की कल्हई गेली, आणि कल्हईवाला आता गल्लीत हाक मारत येत नाही. ॲल्युमिनियमही आंबटाला नको. स्टील घ्या.

पूड, फुलं, कापूर

दालचिनीची पूड पाण्यात बुळबुळीत होते, लवंगेची तळाला बसून करपते. अख्खा मसाला वापरा, फार तर ठेचा.

झेंडू उकळू नका. मार्केट यार्डातून आणलेले हार उरले म्हणून ते पातेल्यात घालणारे लोक मी पाहिले आहेत. त्याचा वास शिळ्या पालेभाजीसारखा येतो. मोगरा, निशिगंध, सोनचाफा यांचाही गंध उकळल्यावर मरतो. फुलं गार पाण्याच्या घंगाळातच शोभतात.

कापूर पातेल्यात कधीच नाही. तो झटकन पेट घेतो, आणि खाली ज्योत आहे. कापूर आरतीत.

तेलाचे थेंब

सुगंधी तेलाच्या बाटल्या आता सगळीकडे मिळतात, आणि आळशी लोकांना त्या फार आवडतात. चार थेंब टाकले की झालं! ते थेंब पाण्यावर तरंगतात, पहिल्या दहा मिनिटांत सगळे उडून जातात, डोकं धरतं आणि मग काहीच उरत नाही. घरात मांजर असेल तर तेल अजिबात नको. मांजराच्या यकृताला ही द्रव्यं नीट निकामी करता येत नाहीत. लिंबूवर्गीय आणि दालचिनीच्या तेलाने ती आजारी पडतात. साध्या पातेल्याच्या वेळीही मांजराला दुसऱ्या खोलीत जायला वाट ठेवा. दम्याचं माणूस किंवा तान्हं बाळ घरात असेल तर मी पातेलं ठेवतच नाही, उगाच धाडस कशाला.

तळणीवर पांघरूण

सकाळी चकल्या तळल्या, संध्याकाळी पाहुणे, म्हणून दुपारी पातेलं ठेवलं. परिणाम: दालचिनीच्या वासाची चकली. तेलकट वास आधी घालवावा लागतो. खिडक्या उघडा, ओटा आणि टाइल्स साबणाने पुसा, तळणीचं तेल झाकून बाहेर ठेवा, तासभर घराला वारा लागू द्या. मग पातेलं. तळणी चालू असताना चिमणी लावा, पण पातेलं ठेवल्यावर बंद करा. लोक संत्र्याचा सगळा वास चिमणीतून शेजारच्या सोसायटीला पाठवतात आणि मग म्हणतात, "आमच्याकडे वासच येत नाही."

वासच येत नसेल तर

चिमणी बंद असूनही वास नसेल तर मसाला जुना आहे. लवंग नखाने दाबा, तेल दिसायला हवं. किंवा पाण्यात टाका: चांगली लवंग बुडते, अर्क काढून घेतलेली वर तरंगते. दालचिनी मोडून हुंगा. डब्यात वर्षानुवर्षं पडलेला मसाला 'सिमर पॉटला चालेल' म्हणून वापरण्यात काही अर्थ नाही. जो भाजीला चालत नाही तो इथेही चालणार नाही. उलट जाड, खरबरीत सालीची दालचिनी, जी स्वयंपाकाला दुय्यम म्हणतात, ती इथे उत्तम; तिचा वास ठसठशीत येतो.

दुसऱ्या दिवशीचं पाणी

ओट्यावर तसंच ठेवलेलं पाणी ऑक्टोबरच्या उकाड्यात दुसऱ्या संध्याकाळपर्यंत आंबतं. गाळून फ्रिजमध्ये ठेवलं तर एकदा पुन्हा तापवता येतं, नवी साल घालून. त्यापुढे फेकाच. सालं आणि मसाला ओल्या कचऱ्यात जाऊ दे, सिंकमध्ये नको. वाळ्याच्या काड्या पाइपात अडकल्या की प्लंबर ऐन सणात येत नाही. वाळ्याची जुडी टाकू नका. धुऊन कडक उन्हात वाळवली की पुढच्या खेपेला चालते.