आपोआप काळी होणारी वेल्डिंग काच: ती डोळे कशी वाचवते आणि कशी लावावी

साध्या काळ्या काचेतून आर्क (रॉड आणि धातू यांच्यामधला विजेचा प्रखर लखलखाट) पेटेपर्यंत काहीच दिसत नाही. म्हणून टॅक (तुकडे जागेवर धरणारे छोटे टाके) मारताना अनेक जण काच वर करून, डोळे मिटून रॉड टेकवतात. मिटायला क्षणभर उशीर झाला की अतिनील किरण डोळ्याच्या पारदर्शक पटलाला भाजतात. त्या वेळी काही जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत रेती गेल्यासारखी टोचणी सुरू होते. त्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवत बसण्यापेक्षा नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

ऑटो-डार्कनिंग, म्हणजे आपोआप काळी होणाऱ्या काचेच्या, हेल्मेटमुळे काच वर करण्याची गरजच उरत नाही, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा उपयोग आहे. समोरचे सेन्सर आर्कचा प्रकाश टिपतात आणि काचेतील द्रवस्फटिकाचे थर सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात किंवा त्याहूनही लवकर गडद होतात. मात्र अतिनील आणि अवरक्त किरण अडवण्याचे काम हे थर करत नाहीत. ते काम काचेवरचा कायमचा फिल्टर करतो आणि प्रमाणित हेल्मेटमध्ये तो काच फिकट असतानाही चालू असतो. बॅटरी संपली तर डोळे दिपतील, पण अदृश्य किरण तरीही अडतील. अर्थात, म्हणून बंद पडलेल्या काचेने काम रेटू नये.

काम सुरू करण्याआधी शेडचा, म्हणजे काचेच्या गडदपणाचा, आकडा ठरवावा. फिकट अवस्थेत ही काच साधारण 3 किंवा 4 शेडची असते आणि गडद झाल्यावर बहुतेक हेल्मेटांत 9 ते 13. शेड एका अंकाने वाढली की आत येणारा प्रकाश आधीच्या जेमतेम 37 टक्के उरतो, त्यामुळे 10 आणि 11 यांतला फरक वाटतो तितका किरकोळ नाही. ग्रिल किंवा गेटच्या कामात 3.15 मिलिमीटरचा रॉड 110 अँपिअरच्या आसपास चालवताना 11 पासून सुरुवात करावी आणि वितळलेल्या धातूची कड स्पष्ट दिसत नसेल तरच 10 वर यावे.

सेन्सिटिव्हिटीचे (सेन्सर किती मंद प्रकाश टिपेल ते ठरवणारे) बटण छपराखाली काम करताना बेताचे ठेवले तरी चालते. कमी अँपिअरच्या टिगला (टंगस्टनच्या टोकाने केल्या जाणाऱ्या वेल्डिंगला) ते वाढवावे लागते, नाहीतर मंद आर्क सेन्सरला जाणवत नाही आणि काच मध्येच उघडते. उन्हात मात्र वाढवलेल्या सेन्सिटिव्हिटीने काच विनाकारण काळी होते. डिलेचे बटण आर्क विझल्यावर काच किती वेळ काळी राहील ते ठरवते: भराभर टॅक मारताना तो कमी ठेवावा, जाड कामात वाढवावा, कारण तापून लाल झालेला जोडही बराच वेळ चमकत असतो.

अडचणीच्या जागी, विशेषतः पाइपच्या मागे वाकून काम करताना, एखादा सेन्सर झाकला जातो. तिथे चार सेन्सरचे हेल्मेट उपयोगी पडते. ठिणग्यांनी खरबरीत झालेली बाहेरची पारदर्शक काच वेळीच बदलावी आणि सेन्सर मऊ कापडाने पुसावेत.

सर्वांत घातक चूक ग्राइंड मोडची आहे. स्लॅग (जोडावर जमलेली कडक खपली) काढून ग्राइंडर फिरवताना बटण ग्राइंडवर नेले, की आर्क पेटला तरी काच काळी होत नाही. म्हणून ग्राइंडर खाली ठेवताच बटण वेल्डवर आणावे, दाराशी जाऊन सेन्सर उन्हाकडे धरावेत आणि काच काळी झालेली पाहूनच होल्डर हातात घ्यावा.