देवबागला गरवायला जाताना

डिसेंबरात घरची मंडळी जमली आणि संध्याकाळी मालवणजवळच्या देवबागला होडीतून गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जायचं ठरलं, की आमच्याकडे सगळ्यात आधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली येतं. गरी (गळ), तंगूस (नायलॉनची दोरी) मागाहून. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ हाती लागते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हिशेब ढोबळच, पण दिवस ठरवायला पुरतो. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. मुलं आणि आई बरोबर असतील तर मी सप्तमी ते नवमी सोडून दुसरा दिवस धरतच नाही. तेव्हा भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटीत फरक थोडा आणि ओढ कमी. कर्ली खाडी समुद्राला मिळते तिथे वाळू साचलेली असते, आणि उधाणाची ओहोटी जोरात बाहेर पडत असताना समोरून लाट आली की पाणी अक्षरशः उभं राहतं. जाताना गुळगुळीत वाटलेली हीच जागा परतताना पोटात गोळा आणते. म्हणून चारला निघायचं, साडेसातच्या आत खाडीत परत.

शुद्ध अष्टमी असेल तर परतताना अर्धा चंद्र वर असतो. वद्य अष्टमीला तो मध्यरात्री उगवतो. मिट्ट काळोख असतो आणि नशिबात असेल तर हात घातला की पाणी निळं चमकतं. मोह होतो, पण पहिल्यांदा येणाऱ्या मुलांना चांदण्यातच न्यावं.

आदल्या रात्री आणि निघण्याआधी पुन्हा एकदा होडीवाल्या काकांना फोन. इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा उंच लाटांचा इशारा आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा अंदाज मी मोबाइलवर बघतेच, तरी काकांनी ‘आज नको’ म्हटलं की विषय संपला. दुपारचा खारा वारा साडेचारपर्यंत होडी हलवतो, सूर्य बुडताना पडतो. ज्यांना होडी लागते त्यांनी गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे. तटरक्षक दलाचा १५५४ सगळ्यांच्या फोनमध्ये हवा, आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत. घरी राहणाऱ्या एकाला होडी कुठली, परतायची वेळ काय, हे सांगून ठेवायचं.

लाइफ जॅकेट मोजून नाही, घालून बघायचं. गेल्या वर्षी भाचीला मोठ्या माणसाचं जॅकेट चढवलं होतं. खांद्याला धरून उचललं तर जॅकेट हातात आलं आणि पोर खालीच. तेव्हापासून मुलांचं घरूनच नेतो.

सामान थोडं लागतं. रीळ-रॉडची हौस असेल तर न्या, पण गर्दीच्या होडीत हातातली दोरीच बरी. रॉडचं टोक कुणाच्या तरी डोळ्याशी येतं. माणशी एक तंगूस, रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला, शिसं आणि दोन-तीन जादा गऱ्या, कारण एक तरी खडकात अडकणारच. ओल्या तंगूसाने बोट चिरतं, तेव्हा चिकटपट्टी हवी. आमिषाला सकाळच्या बाजारातली कोळंबी, पण माकूल (स्क्विड) मिळालं तर तेच घ्या. चिवट असतं, छोटे मासे कुरतडून पळत नाहीत. लहानांना गरीला हात लावू द्यायचा नाही, आमिष मोठ्यांनी लावून द्यायचं.

पक्कड विसरू नका. शेंगाळा मासा लागला तर त्याच्या काट्यात विष असतं, हाताने सोडवायचा नाही. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की ठणका कमी होतो, म्हणून एक थर्मास नुसत्या पाण्याचा, दुसरा चहाचा. मग जखम धुवून डॉक्टरकडे. पोट फुगवणारा केंड आला तर परत पाण्यात. तो खायचा नाही, मांजरालाही घालायचा नाही.

दोन विजेऱ्या, स्वेटर, पाणी, कोरडे लाडू. तेलकट भजी नकोत. आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते: होडीत संडास नसतो. निघण्यापूर्वी सगळ्यांनी जाऊन यायचं, आईने दोनदा. ‘माका नको’ म्हणणाऱ्याला अर्ध्या तासात हमखास लागते.

बर्फाचा डबा छोटाच न्यावा. मोठा नेला की मासे मिळत नाहीत, असं आमच्या घरात मानतात. वाटण करून फ्रिजमध्ये ठेवलेलं असतं, पण शेजारी सहा अंडीही असतात. गेल्या तीनपैकी दोन वेळा तीच शिजली.