अकरा महिन्यांची नोटरी पुरत नाही: ठाणे-नवी मुंबईत भाडेकरार रजिस्टर कसा करावा

मे महिना लागला की घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या गेटवर टेम्पोंची रांग लागते. एकातून कपाट उतरतंय, दुसऱ्यात गादी चढतेय. मी सेक्रेटरी असल्यामुळे नव्या भाडेकरूचं अॅग्रीमेंट माझ्या टेबलावर येतं. दर मोसमात दोन-तीन तरी अशी असतातच: पाचशेचा स्टॅम्प, खाली नोटरीचा गोल शिक्का, मजकुरात ‘अकरा महिने’. मालकाला विचारलं की उत्तर ठरलेलं. “अहो, अकराच महिने आहेत ना! एजंट म्हणाला, रजिस्टर करायची गरज नाही.”

गरज आहे. अकरा महिन्यांचा समज आला तो केंद्राच्या नोंदणी कायद्यातून. त्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून लोकांनी एक महिना कापला. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरार) लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मग मुदत तीन महिने असो वा तीन वर्षं. नोंदणीची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दंडापेक्षा त्याच कलमातली दुसरी ओळ मालकाला जास्त महागात पडते. नोंदवलेला करार नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. खोटं ठरवायचं ओझं मालकावर. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकूंना याचा फटका बसला. भाडेकरू म्हणाला, मेंटेनन्स भाड्यातच धरलाय. काकूंकडे नोटरीचा कागद होता, पण त्यावर मेंटेनन्सचा शब्द नव्हता. वर्षभराचं बिल शेवटी त्यांनीच भरलं.

आता करायचं कसं ते बघू.

आधी अटी कागदावर उतरवा, वेबसाइट नंतर उघडा. भाडं किती, कुठल्या तारखेला, मेंटेनन्स कोण भरणार, नोटीस किती दिवसांची, लॉक-इन (ठरावीक काळ करार मोडायचा नाही अशी अट) आहे का, रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार का. रंगकामावरून आपल्याकडे जितकी भांडणं होतात तितकी भाड्यावरूनही होत नाहीत. ‘घर नेहमीच्या वापराने खराब झालं तर कपात नाही’ किंवा ‘रंगकामाचे अमुक रुपये कापले जातील’, यातलं एक काहीतरी स्पष्ट लिहा. पंखे, गीझर, मॉड्युलर किचन, चाव्यांचे सेट यांची यादी कराराला जोडा.

मग मुदत ठरवा. दोघांची ओळख पटली असेल तर मी सरळ चोवीस महिन्यांचा करार सुचवतो, कारण हिशेब साधा आहे. मुद्रांक शुल्क लागतं ०.२५ टक्के, तेही मुदतीतलं एकूण भाडं, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. समजा भाडं ३०,००० आणि डिपॉझिट २ लाख. चोवीस महिन्यांचं भाडं ७,२०,०००, डिपॉझिटचं दोन वर्षांचं व्याज ४०,०००, बेरीज ७,६०,०००. शुल्क झालं १,९०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. वर कागदपत्र हाताळणीचं किरकोळ शुल्क आणि एजंट असेल तर त्याचे पैसे. दर अकरा महिन्यांनी नवा करार केलात की नोंदणी फी आणि एजंट, दोन्ही पुन्हा. दुसऱ्या वर्षाची भाडेवाढ याच करारात आकड्यात लिहिता येते. मग एकूण भाड्यात ती धरायची. साठ महिन्यांपर्यंत हाच दर चालतो.

कागदपत्रं फार नाहीत: दोघांचं आधार आणि पॅन, घराचं इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) किंवा वीजबिल, आणि दोघांना ओळखणारे दोन जण त्यांच्या आधारसह. मालक परदेशात असेल किंवा कुणाकडे आधार नसेल तर ऑनलाइनचा मार्ग अडतो. तेव्हा मुखत्यारपत्र करून किंवा दुय्यम निबंधक (दस्त नोंदवणारा सरकारी अधिकारी) कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन नोंदणी करावी लागते.

ऑनलाइनसाठी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर लीव्ह अँड लायसन्सचं ई-रजिस्ट्रेशन आहे. मिळकत, दोन्ही पक्ष, भाडं, अटी असं एकेक पान भरत जायचं. इथे नवी मुंबईकर हमखास चुकतात. वाशी, नेरूळ, ऐरोली, बेलापूर हे ठाणे जिल्हा, ठाणे तालुका. खारघर, कामोठे, कळंबोली मात्र रायगड जिल्हा, पनवेल तालुका. पत्त्यात सगळे ‘नवी मुंबई’ लिहितात म्हणून फॉर्ममध्येही ठाणे निवडलं जातं आणि दस्त परत येतो. सिडकोच्या भागात सेक्टर आणि प्लॉट नंबर इंडेक्स टूवर आहेत तसेच उतरवा, वीजबिलावरचे नकोत.

भरून झालं की मसुदा दोघांनी मिळून वाचा. मोबाइलवर नाही, प्रिंट काढून. नावाचं स्पेलिंग, फ्लॅट नंबर, तारखा आणि डिपॉझिटची शून्यं एकदा बोटाने मोजा. मग ऑनलाइन चलन भरून फोटो आणि अंगठे. अंगठ्याचं मशीन आपल्याकडे नसतं, म्हणून बहुतेक लोक अधिकृत सेवा देणाऱ्या माणसाला घरी बोलावतात. त्याची फी आधी विचारून घ्या. वयस्कर माणसांचे अंगठे उमटत नाहीत, ही रोजची रडकथा आहे. माझ्या सासऱ्यांचा अंगठा पाचव्यांदा लागला, तोही हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून. दस्त पुढे दुय्यम निबंधकांकडे जातो. त्यांनी मंजूर केला की सही झालेली प्रत आणि इंडेक्स टू डाउनलोड होतं. ही दोन्ही कागदपत्रं भाडेकरूला पाठवा. एचआरए, गॅस, पत्ता बदल, सगळीकडे त्याला ते लागतं.

पोलिसांना कळवणं हे वेगळं काम आहे, नोंदणीत ते आपोआप होतं असं धरून चालू नका. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही पोलीस आयुक्तालयांचे भाडेकरूची माहिती देण्याचे आदेश निघत असतात. महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात फॉर्म भरून पोच जपून ठेवा. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा मालकावर दाखल होतो.

सोसायटीचं काय? आमच्यासारख्यांची नाराजी पत्करून सांगतो, भाड्याने द्यायला आमची एनओसी (ना-हरकत पत्र) लागत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) आठ दिवस आधी लेखी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा सोसायटीचा आकार) मात्र लागतात, पण ते सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के. तसा सरकारी आदेश १ ऑगस्ट २००१ पासून आहे. बिल ४,५०० चं आणि त्यात सेवाशुल्क २,२०० असेल, तर आकार २२० रुपये. आम्हीसुद्धा काही वर्षं अख्ख्या बिलावर दहा टक्के लावत होतो. एका सभासदाने तो आदेशच छापून आणला तेव्हा गपचूप परतावा दिला.

‘डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही’ असा मेसेज फिरतोय. तो २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातला आहे. हा केंद्राने राज्यांना दिलेला नमुना, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. आपल्याकडे व्यवहार १९९९ च्या कायद्यानेच चालतो.

त्याच कायद्याचं कलम २४ मालकाच्या कामाचं. मुदत संपूनही भाडेकरू घर सोडत नसेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तेवढ्या काळाचे पैसे दुप्पट भाड्याने मागता येतात. भाडेकरूला राहू द्यायचं असेल तर जुना करार संपायच्या आत नवा करा. ‘ओके, कंटिन्यू’ असा व्हॉट्सअॅपवरचा मेसेज म्हणजे करार नाही.

चाव्या देताना महावितरणच्या आणि महानगर गॅसच्या मीटरचा फोटो काढा, खोल्यांचा एक व्हिडिओ घ्या आणि तो तिथेच भाडेकरूला पाठवा. घर सोडताना तोच व्हिडिओ उघडून दोघांनी घरभर फिरायचं, मीटर पुन्हा टिपायचे, डिपॉझिट बँकेतून परत करायचं आणि ‘पूर्ण रक्कम मिळाली’ एवढं भाडेकरूकडून लिहून घेऊन मगच चाव्या खिशात टाकायच्या.