लॉ कॉलेज सुरू होण्याआधीचं वाचन: या चुका टाळा

बारावीचे निकाल लागले की वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या ऑफिसात मुलं यायला लागतात. कुणी नात्यातलं, कुणी शेजारचं, कुणी अशिलाची मुलगी. प्रश्न एकच असतो: "काकू, कॉलेज सुरू व्हायला दोन महिने आहेत. काय वाचू?" बावीस वर्षं वकिली करून मला अजूनही या प्रश्नाचा आनंद होतो, कारण विचारणारं मूल वाचायला तयार असतं. पण पाच मिनिटं बोललं की कळतं, त्याने वाचायला सुरुवातही केली आहे आणि ती चुकीच्या टोकाने. वर्षानुवर्षं त्याच चुका बघून जीव तुटतो. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते आहे.

सारांश वाचून "निकाल वाचला" म्हणणं

ही सगळ्यात मोठी चूक. मी हिच्यावर सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण हिचा फटका मी भर कोर्टात खाल्ला आहे.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एक मुलगा माझ्याकडे इंटर्नशिपला होता. हुशार, बोलायला तरतरीत. भाड्याच्या एका दाव्यात मला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल हवा होता. त्याने तासाभरात टिपण आणून दिलं. त्यात एक अवतरण होतं, आमच्या बाजूने अगदी चपखल बसणारं, परिच्छेदाच्या क्रमांकासकट. दुसऱ्या दिवशी मी ते वाचून दाखवलं. न्यायाधीशांनी निकालाची प्रत मागितली, पान उलटलं, दोन ओळी वर गेले आणि शांतपणे विचारलं, "बेन, आ कोर्टनुं कहेवुं छे के वकीलनुं?" म्हणजे, हे कोर्टाचं म्हणणं की वकिलाचं?

ते वाक्य न्यायालयाचं नव्हतंच. परिच्छेदाची सुरुवात अशी होती: अपिलार्थीच्या वतीने असं प्रतिपादन करण्यात आलं की. आम्ही ज्याला निकाल समजत होतो तो हरलेल्या पक्षाचा युक्तिवाद होता, आणि सहा परिच्छेद पुढे न्यायालयाने तो फेटाळला होता. मुलाने मूळ निकाल उघडलाच नव्हता. इंटरनेटवरच्या कुणाच्या तरी सारांशातून त्याने ती ओळ उचलली होती. मी परिच्छेद स्वतः तपासला नव्हता, ती चूक माझी. अशिलाला त्या दिवशी अंतरिम हुकूम मिळाला नाही. तो म्हातारा माणूस कोर्टाच्या पायऱ्या उतरताना मला म्हणाला, "असू दे बेन, पुढच्या तारखेला बघू." त्यानंतर मी कुणाच्याही टिपणावरून कोर्टात एक ओळ वाचलेली नाही.

आता तर चॅटजीपीटीला विचारून निकाल शोधणारी मुलं येतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी त्याने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात दाखल केले आणि ५,००० डॉलर दंड भरला. कॉलेज सुरू व्हायच्या आधी ही सवय लागली तर पुढे सुटणं कठीण आहे.

यावर उपाय म्हणजे निकाल कसा बांधलेला असतो ते एकदा डोळ्यांनी बघायचं. आधी हकीकत, मग खालच्या कोर्टांनी काय केलं ते, मग दोन्ही बाजूंचे युक्तिवाद, मग कारणं, शेवटी हुकूम. मी अजूनही पेन्सिल घेऊन समासात अक्षरं लिहिते: ह म्हणजे हकीकत, यु म्हणजे युक्तिवाद, का म्हणजे कारणं, हु म्हणजे हुकूम. ज्या परिच्छेदासमोर "यु" आहे, तो कितीही सुंदर असला तरी न्यायालयाच्या तोंडी घालायचा नाही. मुलांना हे बालिश वाटतं. वाटू दे.

सुरुवात लहान निकालांनी करा. बहुतेक जण थेट संविधानाच्या मूळ चौकटीवरच्या केशवानंद भारती निकालाला हात घालतात. २४ एप्रिल १९७३, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा, अकरा वेगवेगळी निकालपत्रं, सातशेच्या वर पानं. चाळिसाव्या पानावर मूल थकतं आणि सारांशाकडे वळतं. त्यापेक्षा १९८६ चा बिजो इमॅन्युएलचा निकाल घ्या. केरळमधली तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण त्यांच्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढलं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला सांगितलं. निकाल एका बैठकीत वाचून होतो, भाषा स्वच्छ आहे आणि संविधानाची कलम १९ (अभिव्यक्तिस्वातंत्र्य) आणि २५ (धर्मस्वातंत्र्य) पुस्तकातून उतरून वर्गात येऊन उभी राहतात.

मग दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. पहिला इंग्लंडचा, कारलिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल कंपनी, १८९२ चा. कंपनीची जाहिरात होती की आमचा स्मोक बॉल (नाकाने हुंगायचं औषध) दिवसातून तीनदा असा दोन आठवडे वापरूनही ज्याला फ्लू होईल त्याला १०० पौंड देऊ, आणि खरेपणाची खूण म्हणून बँकेत १,००० पौंड ठेवले आहेत. कारलिल बाईंनी वापरला, फ्लू झाला, पैसे मागितले. कंपनी म्हणाली, तुम्ही प्रस्ताव स्वीकारल्याचं आम्हाला कळवलंच नाही. न्यायमूर्ती बोवेन यांचं उत्तर असं की माझा कुत्रा हरवला आणि मी बक्षीस जाहीर केलं, तर कुत्रा शोधणाऱ्यांनी आधी बसून मला चिठ्ठी लिहायची का, की तुमचा प्रस्ताव मान्य आहे? बाई जिंकल्या.

दुसरा अलाहाबादचा, १९१३ चा, लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त. लालमन गौरी दत्तांकडे नोकरीला होता. मालकाचा पुतण्या घरातून निघून गेला. त्याला शोधायला लालमनला हरिद्वारकडे पाठवलं. मागाहून मालकाने ५०१ रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. लालमनने मुलाला शोधून काढलं तेव्हा त्याला बक्षिसाची खबर नव्हती. त्याने नंतर दावा लावला आणि हरला. दोघांनीही सांगितलेलं काम केलं होतं, मग एक जिंकली आणि एक हरला तो का? बाईंनी जाहिरात वाचून बॉल घेतला होता. लालमनला प्रस्तावच ठाऊक नव्हता, आणि जे ठाऊक नाही ते स्वीकारणार कसं? हा फरक स्वतः वाचून सापडला की भारतीय करार कायद्याचं कलम ८ (प्रस्तावाची अट पूर्ण केली की तो स्वीकारला) घोकावं लागत नाही. आणि लालमनवर अन्याय झाला असं वाटलं तर उत्तम. ते वाटणं वहीत लिहून ठेवा.

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्याच ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट आहेत, त्यामुळे "मिळाला नाही" ही सबब चालणार नाही.

रद्दीतला बेअर अ‍ॅक्ट

शेजारच्या एका मुलाने मोठ्या जिद्दीने जुन्या भारतीय दंड संहितेची शंभर-सव्वाशे कलमं पाठ केली. पुस्तक चुलत्याचं, जुना बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे भाष्याशिवाय नुसता कायद्याचा मजकूर. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहेत, ही बातमी त्याने ऐकली होती. पण "आकडे थोडे बदलले असतील" एवढंच त्याच्या मनात होतं.

आकडे थोडे बदललेले नाहीत. दंड संहितेच्या ५११ कलमांच्या जागी न्याय संहितेत ३५८ आली. खून ३०२ वरून १०३ वर गेला, आणि नव्या संहितेत ३०२ वर धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांचा गुन्हा आहे. त्याहून घातक जागा फौजदारी प्रक्रियेत आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार ५२८ वर गेले. क्रमांक एकच, अर्ज पूर्ण वेगळा.

पण जुनं पुस्तक फेकूनही देऊ नका. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागते, आणि असे खटले कोर्टांत अजून बरीच वर्षं चालतील. शिवाय दीडशे वर्षांचे निकाल जुन्या क्रमांकांनीच लिहिलेले आहेत. नवा बेअर अ‍ॅक्ट विकत घ्या आणि कलम वाचताना समासात जुना क्रमांक स्वतःच्या हाताने लिहा. तयार तक्ता छापून चिकटवू नका, हाताने लिहिलेलं लक्षात राहतं. आणि पाठ करू नका. चोरीचं कलम घ्या आणि त्यात किती अटी आहेत त्या बोटांवर मोजा: वस्तू जंगम हवी, ती दुसऱ्याच्या ताब्यातली हवी, त्याची संमती नसायला हवी, घेण्याचा हेतू अप्रामाणिक हवा आणि त्यासाठी वस्तू हलवलेली हवी. एक बोट मिटलं नाही तर चोरी नाही.

"गुजराती येतं की, बोलतो ना आम्ही"

वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी घरांची ही खास चूक आहे, आणि हिची मला फार काळजी वाटते. घरी मराठी, शाळा इंग्रजी, भाजीवाल्याशी गुजराती. मुलं फर्डं गुजराती बोलतात, पण कागद वाचता येत नाही. इथल्या खालच्या कोर्टांचं काम गुजरातीत चालतं. फिर्याद गुजरातीत, पंचनामा गुजरातीत, सात-बाराचा उतारा गुजरातीत.

मागे एक मुलगी माझ्याकडे होती. प्रवेश परीक्षेत उत्तम क्रमांक, इंग्रजी नितळ. घराच्या वादातली कागदपत्रं देऊन तिला तारखांची यादी करायला सांगितली. तिने लिहिलं: २००९ मध्ये अशिलाने घर विकत घेतलं. दावा दाखल करायच्या आदल्या रात्री मी कागद मांडीवर घेऊन बसले तेव्हा वरची ओळ दिसली: बानाखत. बानाखत म्हणजे आपलं साठेखत. विकण्याचा करार, विक्री नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की अशा कराराने मालमत्तेत आपोआप कुठलाही हक्क निर्माण होत नाही. आमचा अशील मालक नव्हताच. मालकी सांगून दावा लावला असता तर पायाच खचला असता. मागायला हवं होतं ते कराराची पूर्तता करून द्या असं, आणि त्याच्या मुदतीचं गणितही वेगळं. रात्री दोन वाजेपर्यंत बसून दावा पुन्हा लिहिला.

मुलीने कागदाचा फोटो काढून फोनच्या अ‍ॅपला भाषांतर विचारलं होतं. अ‍ॅपने "करारपत्र" असं काहीतरी सांगितलं आणि पुढचं तिने अंदाजाने भरलं. तिला "काकू, मला वाचता येत नाही" म्हणायची लाज वाटली, याचं मला जास्त वाईट वाटलं.

म्हणून दोन महिने रोज सकाळी गुजराती वर्तमानपत्राचं एक पान मोठ्याने वाचा. मग घरातलं कपाट उघडा. आजोबांच्या घराचा दस्तऐवज, आजीचं मृत्युपत्र, वीजजोडणीचा जुना अर्ज, जे सापडेल ते. प्रत्येक कागदावर शोधायचं: कुणी, कुणाला, काय, किती रुपयांना, कुठल्या तारखेला, साक्षीदार कोण. जुन्या घरांत मोडीतला कागदही निघतो. तो वाचता आला नाही तरी प्लास्टिकच्या पिशवीतून काढून सुती कापडात ठेवा आणि मोडी जाणणाऱ्या माणसाला दाखवा.

संविधानाची फक्त कलमं पाठ करणं

कलम कशासाठी आलं हे संविधान सभेतल्या चर्चांत आहे, आणि आपल्या शहराने तरी त्या वाचायलाच हव्यात. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले. १९१७ मध्ये नोकरीसाठी याच शहरात परत आले तर त्यांना राहायला जागा मिळाली नाही. तोच माणूस पुढे मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. विद्यापीठाच्या ज्या ग्रंथालयात तुम्ही बसणार, त्याला जिचं नाव आहे ती हंसा मेहता संविधान सभेची सदस्य होती.

इथे मुलं एका जागी हमखास अडकतात. चर्चांमध्ये मसुद्यातले क्रमांक आहेत, आजचे नाहीत. आजचं कलम २१ तिथे १५ आहे, १७ तिथे ११ आहे, ३२ तिथे २५ आहे. "सापडत नाही" म्हणून सोडून देऊ नका. ९ डिसेंबर १९४८ ची चर्चा काढा, त्यात बाबासाहेब या मसुद्यातल्या २५ ला, म्हणजे हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याच्या हक्काला, संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हणतात. मग २५ नोव्हेंबर १९४९ चं त्यांचं भाषण पूर्ण वाचा. एवढं दोन महिन्यांत झालं तरी मला पुरे.

बाकीच्या चुका थोडक्यात

पहिल्या सत्राची जाडजूड पुस्तकं आधीच विकत घेऊ नका, प्राध्यापक कुठलं सांगतील ते बघा.

लॅटिन वचनांच्या याद्या पाठ करू नका. कोर्टात मी वर्षभरात चार-पाच वापरत असेन.

"यशस्वी वकील कसे व्हाल" छापाची पुस्तकं वाचू नका. त्या वेळात झोपा.

गुजरात उच्च न्यायालयाच्या थेट प्रक्षेपणातल्या तीस सेकंदांच्या क्लिप बघून न्यायाधीशांविषयी मतं बनवू नका. त्या दिवसाचा लेखी हुकूम शोधून वाचा.

कादंबऱ्या सोडू नका. साक्षीदार खोटं कसं बोलतो हे बेअर अ‍ॅक्टमध्ये लिहिलेलं नसतं. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मराठीची कपाटं भरलेली आहेत, १९१० पासून ते शहराच्या वाचणाऱ्यांसाठी उभं आहे.

आणि कॉलेज पंधरा दिवसांवर आलं असेल, काहीच वाचलं नसेल, तर घाबरून पाच पुस्तकं एकदम उघडू नका. बिजो इमॅन्युएलचा निकाल छापून घ्या, पेन्सिल घ्या, समासात ह, यु, का, हु लिहा. मग एके दिवशी सकाळी अकराला दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात या. दिवाणी न्यायालयात मागच्या बाकावर कुणीही बसू शकतं, विचारावं लागत नाही. जेवणाच्या सुट्टीत मला शोधा आणि पेन्सिलीने भरलेली ती पानं दाखवा.