कॅमेरा-फोनची उलटतपासणी: वीसपैकी किती फोटो ठेवण्याजोगे?

भरपूर उजेड, न हलणारा विषय आणि मुख्य लेन्स एवढं जमून आलं की मधल्या किमतीचा फोनही झकास फोटो काढतो. फ्लॅगशिपला, म्हणजे कंपनीच्या सगळ्यात वरच्या फोनला, जास्तीचे पैसे मोजायचे ते अडचणीच्या वेळेसाठी. खोलीत दिवा एकच आहे, पोर एका जागी थांबत नाही, चेहऱ्यामागे लख्ख खिडकी आहे, बोलणारा माणूस लांब स्टेजवर आहे. म्हणून फोन पारखताना त्याचा सगळ्यात देखणा फोटो बघत बसू नका. प्रत्येक परिस्थितीत लागोपाठ वीस फोटो काढा आणि त्यातले किती ठेवाल ते मोजा. वीसपैकी अठरा देणारा फोन कधीमधी थक्क करणाऱ्या फोनपेक्षा कधीही बरा.

आधी एवढं करून घ्या

सगळ्या लेन्स सुती कापडाने पुसा. रात्रीच्या दिव्यांभोवती पसरलेला धुरकट उजेड निम्म्या वेळा कॅमेऱ्याचा दोष नसून बोटाचा तेलकट ठसा असतो. सेटिंग्जमध्ये चेहरा गुळगुळीत करणारे फिल्टर बंद करा, बाकी सगळं कंपनीने दिलं तसंच राहू द्या. रोज वापराल ते तेच. तुमचा सध्याचा फोन सोबत ठेवा आणि प्रत्येक फोटो त्याच जागेवरून, त्याच मिनिटात दोन्हींनी काढा. तुलनेला दुसरा फोन नसेल तर नवा फोन हमखास चांगलाच वाटतो.

निकाल फोनच्या पडद्यावर लावू नका. हे पडदे कमालीचे उजळ असतात. त्यातच २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून अल्ट्रा एचडीआर फोटो आले: फाइलसोबत उजळपणाचा एक वेगळा नकाशा साठवला जातो आणि तो समजणाऱ्या पडद्यावर आकाश, दिवे अक्षरशः चमकतात. तोच फोटो साध्या मॉनिटरवर निस्तेज दिसू शकतो. फोटो केबलने कॉम्प्युटरवर घ्या आणि शंभर टक्के मोठे करून बघा. मेसेजिंग अॅपमधून फोटो म्हणून पाठवाल तर तो आकसून जातो, मग तुम्ही कॅमेऱ्याची नाही, त्या अॅपची परीक्षा घेताय.

कागदावरचे आकडे कसे वाचायचे

सेन्सर म्हणजे लेन्समागचा प्रकाश टिपणारा तुकडा. "एक इंची सेन्सर" हे नाव जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या मापावरून आलंय. प्रत्यक्षात तो सुमारे १३.२ × ८.८ मिलिमीटर असतो, म्हणजे कर्ण १६ मिलिमीटरच्या आसपास. तरीही फोनसाठी तो मोठाच. अपूर्णांकात माप दिलं असेल तर खालचा आकडा जितका लहान तितका सेन्सर मोठा: १/१.३ हा १/२.५५ पेक्षा बराच मोठा. मुख्य कॅमेऱ्याचं माप सगळे ठळक छापतात. तुम्ही अल्ट्रावाइड (रुंद दृश्य टिपणारा) आणि टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारा) यांची मापं शोधा, काटकसर तिथे केलेली असते.

मेगापिक्सेलवर फार वेळ घालवू नका. ५० मेगापिक्सेलचा सेन्सर चार-चार पिक्सेल एकत्र करून साधारण १२.५ मेगापिक्सेलचा फोटो देतो. २०० वाला सोळा-सोळा एकत्र करून तेवढाच. पूर्ण रिझोल्यूशन भर उन्हात, स्थिर विषयाला कामाला येतं. लेन्सशेजारी छापलेलं नामवंत कॅमेरा कंपनीचं नाव पाहून रंगांची ठेवण कोणत्या बाजूला झुकलेली असेल याचा अंदाज येतो. फोटो धूसर येणार की नाही, हे त्या नावावरून कळत नाही.

मोठ्या सेन्सरची एक पंचाईत जाहिरातीत नसते. फोकस पातळ होतो. ए-४ कागद २५ सेंटिमीटरवरून टिपा: मधली ओळ कोरीव आणि कोपरे पुसट, असं बऱ्याचदा होतं. बिल, वह्या, पुस्तकाची पानं रोज टिपणाऱ्याला हे जाचतं. थोडं मागे सरकून २एक्स (दुप्पट) झूम लावलं की बहुतेक वेळा सुटतं. काही फोनमध्ये अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र, खरोखर लहान करता येतं. ते असेल तर तोच कागद एफ/४ ला, म्हणजे छिद्र लहान करून, टिपून फरक बघा.

कोणती लेन्स खरंच काम करतेय?

पडद्यावर ५एक्स लिहिलंय म्हणून ५एक्सची लेन्स वापरली जातेय असं नाही. उजेड कमी झाला किंवा विषय जवळ आला की फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचा मधला तुकडा कापून मोठा करून दाखवतो. पेरिस्कोप लेन्समध्ये (प्रकाश वळवून फोनच्या आत आडवी बसवलेली टेलिफोटो) हे जास्त होतं, कारण काहींना मीटरभरापेक्षा जवळ फोकसच करता येत नाही, आणि सेन्सरही बहुधा लहान असतो.

पकडायची पहिली युक्ती बोटाची. ५एक्स लावा आणि टेलिफोटोच्या काचेवर बोट ठेवा. पडदा काळा झाला तर तीच लेन्स चालू आहे. काही फोन काळोख जाणवताच क्षणात मुख्य लेन्सकडे उडी मारतात, म्हणून पहिल्या झटक्याकडे लक्ष द्या. हेच संध्याकाळी दिव्याच्या उजेडात करा, आणि मग विषय दोन मीटरवरून हळूहळू जवळ आणत करा. उडी नेमकी कुठे बसते ते लिहून ठेवा.

दुसरी युक्ती फोटोच्या माहितीची, म्हणजे एक्झिफची. गॅलरीत फोटो वर सरकवला की ती दिसते. "३५ मिमी समतुल्य" आकड्याकडे पाहू नका; तुकडा कापलेला असला तरी तिथे ५एक्स लेन्ससारखाच १२० आकडा येऊ शकतो. खरी फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सचा स्वतःचा मिलिमीटरचा आकडा, बघा. १/१.३ इंची मुख्य कॅमेऱ्याची ती साधारण ६ ते ७ मिलिमीटर असते, एक इंचीची ९ च्या जवळपास, आणि छोट्या सेन्सरच्या ५एक्स टेलिफोटोची १९ च्या आसपास. आधी लख्ख उजेडात प्रत्येक लेन्सचा एकेक फोटो काढून तुमच्या फोनचे आकडे टिपून घ्या. मग रात्रीच्या ५एक्स फोटोत मुख्य कॅमेऱ्याचाच आकडा दिसला की चोरी सापडली. गॅलरी फोकल लेंग्थ दाखवत नसेल तर फाइल कॉम्प्युटरवर उघडा.

घ की ध: झूमची परीक्षा

पाटी, गाडीचा नंबर, चंद्र यांवर झूम तपासू नका. ओळखीच्या गोष्टी सॉफ्टवेअर अंदाजाने पूर्ण करू शकतं. पांढऱ्या कागदावर जाड पेनाने निरर्थक ओळी हाताने लिहा: घधधघभम, बववबमभ, मध्येच एखादा आकडा. पहिली ओळ २० मिलिमीटर उंचीची, दुसरी १०, तिसरी ५. कागद भिंतीवर लावा आणि दहा मीटर मोजून मागे उभे राहा.

१२ मेगापिक्सेलच्या ५एक्स फोटोत त्या अंतरावर एक पिक्सेल सुमारे पाऊण मिलिमीटर व्यापतो. म्हणजे ५ मिलिमीटरच्या अक्षराच्या वाट्याला जेमतेम सात पिक्सेल येतात. एवढ्यात घ आणि ध यांतली शिरोरेषेची फट दिसणं कठीणच, आणि ते ठीक आहे. आता ५एक्स, १०एक्स, ३०एक्स असे फोटो काढून शेजारी ठेवा. १०एक्सला तिसरी ओळ धूसर राहिली तर फोन प्रामाणिक आहे. ३०एक्सला ती कोरीव, काळीशार आली तर मूळ कागद हातात घेऊन एकेक अक्षर जुळवा. घ च्या जागी ध, भ च्या जागी म निघाला तर ते अक्षर टिपलेलं नाही, काढलेलं आहे. असं काही सापडलं आणि त्या झूमसाठी एआय सुधारणेचा वेगळा पर्याय असेल, तर तो बंद करून पुन्हा तपासा.

हलणारा विषय

बहुतेक फोन इथेच नापास होतात. छताचा किंवा टेबलावरचा पंखा ठरलेल्या वेगावर लावा. त्याच्याइतकं आज्ञाधारक मॉडेल मिळणार नाही. मिनिटाला ३०० फेरे घेणारं पातं सेकंदाला १८०० अंश फिरतं. १/१०० सेकंदाच्या शटरमध्ये (कॅमेरा प्रकाश घेतो तेवढ्या वेळात) ते १८ अंश सरकतं, १/१००० मध्ये दोनही नाही. दोन्ही फोनच्या फोटोंत पात्याचा फराटा किती लांब आहे ते बघा, मग एक्झिफमध्ये शटरचा वेग. एका पात्याच्या जागी दोन-तीन फिकट पाती दिसली तर फोनने अनेक फ्रेम एकावर एक रचताना घोळ घातलाय. तोच घोळ टाळ्या वाजवणाऱ्या हातांचाही होतो.

घरातल्या उजेडात पळणाऱ्या मुलासाठी १/२५० च्या आसपास शटर हवं. पुष्कळ फोन आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता; वाढवली की दाणे दिसतात) कमी ठेवून फोटो स्वच्छ दिसावा म्हणून १/५० वरच थांबतात. सोफा सुरेख येतो, पोर पुसलं जातं. प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने ठरवता येतात) शटर १/२५० ला बांधून पुन्हा काढा. आता दाणेदार पण स्पष्ट चेहरा आला, तर हार्डवेअर ठीक आहे आणि चूक स्वयंचलित निर्णयाची आहे. काही फोनमध्ये वेगवान शटरसाठी वेगळी सेटिंग असते, ती शोधा.

बटण दाबणं आणि फोटो टिपला जाणं यातला उशीरही मोजता येतो. दुसऱ्या पडद्यावर शतांश सेकंद दाखवणारं स्टॉपवॉच चालू करा आणि आकडा ५.०० होताना बटण दाबा. असं दहा वेळा करा, फोटोत दिसणारे आकडे लिहा. एकट्या आकड्याला अर्थ नाही, तुमच्या बोटाचाही उशीर त्यात असतो. दोन फोनमधला फरक बघा. मग एकामागून एक वीस फोटो भराभर काढा. पाच-सहानंतर बटण अडकायला लागलं तर प्रोसेसिंग मागे पडतंय.

रात्र, चेहरे, रंग

रात्रीचे दोन वेगळे प्रसंग घ्या: मंद दिव्याच्या खोलीत बसलेला माणूस, आणि झगझगीत दिव्यांचा रस्ता. पहिल्यात केस, भुवया, कपड्याचं विणकाम शिल्लक आहे का बघा. दुसऱ्यात दिव्याखालची अक्षरं वाचता येतात का, आणि काळं आकाश काळंच राहिलंय का ते. नाइट मोड रात्रीचा दिवस करत असेल तर पहिल्या दिवशी मजा वाटते, पुढे कंटाळा येतो. फ्रेमच्या एका कोपऱ्यात दिवा ठेवला की समोरच्या कोपऱ्यात हिरवट ठिपका उमटतो. प्रकाश लेन्सच्या काचांत आणि सेन्सरवर परतून आपटल्याने तो येतो. थोडाफार सगळ्यांतच असतो, आकार आणि ठळकपणा तेवढा तोला.

एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे दिसले तर फोन सदोष समजू नका. ५० हर्ट्झ विजेवर असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, ६० हर्ट्झवर १२० वेळा. शटर अनुक्रमे १/१०० किंवा १/१२० केलं की पट्टे बहुधा जातात.

चेहऱ्यांसाठी वेगवेगळ्या वर्णाच्या दोन-तीन जणांना एकाच फ्रेममध्ये, एकाला खिडकीकडे पाठ करून बसवा. सावळा रंग राखाडी पडतो का, गोऱ्या चेहऱ्यावरचे तपशील उडतात का, खिडकीबाहेरचं दिसावं म्हणून चेहरा सपाट होतो का, हे सगळं एका फोटोत उघडं पडतं. मागचं धूसर करणाऱ्या पोर्ट्रेट मोडसाठी कुरळे केस, चष्म्याची दांडी आणि कमरेवर हात ठेवल्यावर मधे राहणारी फट बघा. ती फट धूसर व्हायची राहून गेली तर काय जवळ आणि काय लांब याचा फोनचा अंदाज कच्चा आहे. त्याच जागेवरून ०.६, १, ३ आणि ५एक्सचे फोटो काढून पांढऱ्या सदऱ्याचा रंग सगळीकडे सारखा आहे का तेही तपासा.

व्हिडिओ

४के, सेकंदाला ६० फ्रेमवर सलग दहा मिनिटं रेकॉर्ड करा. पडदा आपोआप मंदावतो का, तापल्याची सूचना येते का, नंतर लगेच काढलेल्या फोटोला वेळ लागतो का? चालू रेकॉर्डिंगमध्ये अल्ट्रावाइडपासून टेलिफोटोपर्यंत जा. रंग किंवा उजेड जिथे टुणकन उडी मारतो ती जागा टिपा. सगळ्या लेन्स ४के ६० देतात असं धरून चालू नका. अंधारात चालत रेकॉर्ड करा: फ्रेम स्थिर दिसते, पण प्रत्येक पावलाला दिवे थरथरतात. एका फ्रेमच्या आत हललेलं चित्र स्थिरीकरण नंतर सरळ करू शकत नाही. आवाजासाठी एकदा फोनमागून, एकदा समोरून बोला, आणि एकदा पंख्याच्या वाऱ्यात.

जागेचा हिशेब आधीच करा. आयफोनवर ४के ६० एचईव्हीसी (जागा वाचवणारं स्वरूप) मिनिटाला सुमारे ४०० एमबी घेतं, ४के ३० प्रोरेस (संपादनासाठीचं, कमी आकसलेलं स्वरूप) जवळपास ६ जीबी. मेमरी कार्डची खाच बहुतेक फ्लॅगशिपमध्ये उरलेली नाही.

दुकानात पंधराच मिनिटं असतील तर

बोटाची चाचणी, चालणाऱ्या माणसाचे वीस फोटो, कागद २५ सेंटिमीटरवरून, आणि टेबलाखालच्या अंधारातला एक ५एक्स. एवढ्याने निम्मं कळतं. फोन आडवा धरून बघा, बोट अल्ट्रावाइडसमोर येतं का. पॉवर बटण दोनदा दाबून कॅमेरा किती लवकर उघडतो तेही. डेमो फोनची काच आधी पुसा, आणि परवानगी असेल तर फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन या.

फोन घेतलात तर परत करण्याची मुदत संपायच्या आत वरच्या सगळ्या चाचण्या पूर्ण करा आणि त्या फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. मोठं सॉफ्टवेअर अपडेट आलं की रंग, शार्पनेस, लेन्स बदलण्याची जागा बदलू शकते. तोच कागद, तोच पंखा, तेच दहा मीटर घेऊन पुन्हा फोटो काढा आणि जुन्या फोल्डरशेजारी उघडा.